समाधानाची मोजणी आणि सीमेवरचा विद्यार्थी

विद्यापीठाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे साधने हवी तितकी मिळतात. स्थापनेचा कायदा असतो, कुलगुरूंची नामावली असते, इमारतींच्या कोनशिला असतात, परीक्षांचे निकाल असतात. या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन जो विद्यार्थी, त्याच्याविषयी मात्र कागदपत्रे फारशी बोलत नाहीत. तो कोठून येतो, काय खातो, कोणत्या भाषेत विचार करतो आणि तीन वर्षांनी बाहेर पडताना तृप्त असतो की निराश, हे त्यालाच विचारावे ही कल्पना आपल्या देशात पुष्कळ उशिरा रुजली. रुजल्यावरही जे प्रश्न विचारले गेले त्यांच्याच मर्यादेत उत्तरे मिळाली. प्रश्नपत्रिकेत जे नाही ते अहवालात येत नाही, आणि अहवालात जे नाही ते धोरणात उतरत नाही. या साध्या नियमाचा प्रत्यय मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला असलेल्या पांढुर्णा व सौसर या दोन मराठी तालुक्यांत जसा येतो, तसा क्वचितच अन्यत्र येईल.

वृत्तपत्रांत पांढुर्ण्याचे नाव झळकते ते बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जांब नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीच्या निमित्ताने. वर्षातील उरलेल्या दिवसांचे पांढुर्णा संत्र्यांच्या बागांचे, कापसाचे आणि नागपूर–इटारसी लोहमार्गावरील एका स्थानकाचे आहे. सौसर हे नागपूर–छिंदवाडा मार्गावर, नागपूरला त्याहून जवळ. सोयरीक, बाजारहाट, दवाखाना या साऱ्यांसाठी येथील माणसाची पावले दक्षिणेकडे वळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्यातील हे दोन मराठी तालुकेही तिकडेच राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. घराघरांतील बोली मात्र तीच राहिली.

विद्यापीठाच्या दृष्टीने या भूमीचा प्रवास अधिक वळणावळणाचा आहे. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ साली सुरू झाले, तेव्हा त्यांची परीक्षा प्रथम कलकत्ता विद्यापीठ घेत असे व पुढे अलाहाबाद विद्यापीठ. नागपूरचे स्वतःचे विद्यापीठ १९२३ साली झाले. १९४६ साली डॉ. हरिसिंग गौर यांनी आपल्या संपत्तीतून सागर येथे विद्यापीठ उभारले. हेच गृहस्थ त्यापूर्वी नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू होते. छिंदवाडा जिल्ह्यातील महाविद्यालये दीर्घकाळ या सागर विद्यापीठाशी संलग्न राहिली. ज्या मुलाचे मामाचे गाव नागपूरच्या बाजूला, त्याचे विद्यापीठ सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे होते. सागर विद्यापीठ २००९ साली केंद्रीय झाले आणि २०१९ साली छिंदवाड्यातच नवे विद्यापीठ स्थापन झाले. १८५७ च्या उठावात प्राण अर्पण करणाऱ्या राजा शंकर शाह यांचे नाव त्याला पुढे देण्यात आले. या सर्व स्थित्यंतरांत विद्यार्थ्याला काय सोयीचे, हा प्रश्न कोणी स्वतंत्रपणे मोजला होता काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याच्या परंपरेकडेच वळावे लागते.

१८८२ च्या हंटर आयोगापुढे साक्षी झाल्या त्या अधिकारी, मिशनरी, शिक्षक आणि समाजधुरीण यांच्या. महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगाला सादर केलेल्या निवेदनात मूलभूत प्रश्न उपस्थित केला. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने, मग उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांनाच का, हा तो प्रश्न. शिक्षणसंस्थेच्या दाराबाहेर कोण उभा आहे याची ही विचारणा होती. दाराच्या आतील विद्यार्थी कसा राहतो याकडे प्रथम बारकाईने पाहिले ते १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने. सर मायकेल सॅडलर त्याचे अध्यक्ष होते. खानावळींतील व भाड्याच्या खोल्यांतील विद्यार्थ्यांची दैना या आयोगाने नोंदविली. पाठोपाठ १९२० साली त्या विद्यापीठाने विद्यार्थी-कल्याण समिती स्थापून विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ च्या आपल्या अहवालात विद्यार्थी-कल्याणाचा स्वतंत्र विचार केला आणि नियमित वैद्यकीय तपासणीपासून दुपारच्या माफक दरातील भोजनापर्यंत शिफारशी केल्या. तथापि या साऱ्यात विद्यार्थी हा काळजीचा विषय होता. साक्षीदार म्हणून त्याला अद्याप आसन मिळावयाचे होते.

ते आसन त्याला दिले समाजशास्त्रज्ञांनी. के. टी. मर्चंट यांनी सुशिक्षित हिंदू तरुणांची विवाह व कुटुंब यांविषयीची मते प्रश्नावलीने गोळा केली आणि १९३५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून आय. पी. देसाई यांचा पुण्यातील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांविषयीचा अभ्यास १९५३ साली बाहेर पडला. बी. व्ही. शहा यांनी गुजरातेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर लिहिलेला ग्रंथ १९६४ सालचा. पुढे सुमा चिटणीस यांनी पंधरा राज्यांतील अनुसूचित जातींच्या शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल १९८१ साली सादर केला. अजून लांबचा पल्ला गाठावयाचा आहे, असे त्याच्या शीर्षकानेच सांगितले. या अभ्यासांचे वैशिष्ट्य असे की त्यांत विद्यार्थ्याचे घर, जात, वडिलांचा व्यवसाय आणि त्याची आकांक्षा ही एकत्र पाहिली गेली. महाविद्यालय चांगले की वाईट एवढाच त्यांचा रोख नव्हता; या मुलाच्या आयुष्यात महाविद्यालयाने काय घडविले, हे त्यांना हवे होते.

दरम्यान मते मोजण्याचे एक सुटसुटीत साधन जगभर पसरले होते. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली एक पद्धत मांडली. विधान द्यावे आणि ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पायऱ्यांपैकी एक निवडावयास सांगावे. मनातील भाव अंकात आला, आणि अंकांची सरासरी काढता येऊ लागली. याच पद्धतीवर भारतातील विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण उभे राहिले. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजेच ‘नॅक’ने, २०१७ च्या सुधारित चौकटीत ते समाविष्ट केले. त्या प्रश्नावलीत एकवीस प्रश्न होते. वीस प्रश्नांना शून्य ते चार असे गुण द्यावयाचे आणि एकविसाव्यात सुधारणेसाठी तीन सूचना लिहावयाच्या. अभ्यासक्रम किती शिकविला गेला, शिक्षक तयारी करून येतात काय, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य असते काय, शिक्षक उदाहरणे देऊन समजावतात काय, असे ते प्रश्न. विद्यार्थ्याच्या उत्तराला संस्थेच्या गुणांकनात स्थान मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या व्यवस्थेत शिक्षकाने विद्यार्थ्याला गुण द्यावयाचे एवढेच ठाऊक होते, तेथे प्रवाह प्रथमच उलट दिशेने वाहू लागला.

परंतु सौसरच्या शासकीय महाविद्यालयात बसणारा एखादा विद्यार्थी या एकवीस प्रश्नांसमोर कल्पून पाहावा. त्याची घरची भाषा मराठी, महाविद्यालयातील अध्यापनाची भाषा मुख्यत्वे हिंदी. शिक्षक चांगले बोलतात काय, या प्रश्नाला तो मनापासून पूर्ण गुण देईल. कोणत्या भाषेत बोलले तर तुला अधिक कळेल, हे मात्र त्याला विचारलेले नाही. गावाहून महाविद्यालयापर्यंत यावयास किती वेळ व किती पैसे लागतात, शेवटची बस चुकली तर मुलीने काय करावयाचे, संत्र्याची तोड सुरू झाली की वर्गात किती बाके रिकामी असतात, पदवीनंतर नोकरी शोधावयाची ती नागपुरात की भोपाळात, यांपैकी एकही प्रश्न त्या पत्रिकेत नाही. विचारलेल्या गोष्टींबाबत तो समाधानी असू शकेल आणि तरीही त्याच्या शिक्षणातील मुख्य अडचण जशीच्या तशी राहील. अशा वेळी सरासरी खोटे बोलत नाही. ती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत असते.

दुसरी मर्यादा संख्येची. महाविद्यालयासाठी नियम असा होता की विद्यार्थिसंख्येच्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके प्रतिसाद पुरेत. दीड हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात शंभर जणांनी उत्तर दिले की पाहणी ग्राह्य ठरे, म्हणजे पंधरांतील एकाचा शब्द साऱ्यांचा मानला जाई. दुवा ई-मेलने पाठविला जात असल्याने जो नियमित ई-मेल पाहतो त्याचाच आवाज प्रथम पोहोचणार हे उघड होते. आणि जो दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून बागेत किंवा दुकानात गेला, त्याचे नावच यादीत नाही. सर्वांत असमाधानी असण्याचा संभव ज्याचा, तोच मोजणीतून आधी गळतो.

श्रीमंत देशांनाही हा पेच सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण होते. त्याचे निष्कर्ष विद्यापीठांच्या श्रेणीशी व त्यायोगे शुल्कवाढीशी जोडले जाणार असे दिसताच २०१७ साली विद्यार्थी संघटनांनी बहिष्कार पुकारला. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील प्रतिसाद निम्म्यावरही गेला नाही. २०२३ साली इंग्लंडपुरता एकूण समाधानाचा तो सर्वसाधारण प्रश्नच पत्रिकेतून वगळण्यात आला. उत्तराचा उपयोग कोणत्या कामासाठी होणार हे विद्यार्थ्याला कळले की तो उत्तरही बदलतो, हा त्या अनुभवाचा बोध होय.

मग शिक्षण सोडलेल्याला गाठावयाचे कसे? त्याचा मार्ग महाविद्यालयातून जात नाही, घरातून जातो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या शिक्षणविषयक फेऱ्या कुटुंबाच्या दारात जाऊन विचारतात. २०१७–१८ मधील ७५ व्या फेरीत देशभरातील १,१३,७५७ कुटुंबांना भेटी देण्यात आल्या. शिक्षणावरील खर्च, शिक्षणाचे माध्यम, मध्येच शिक्षण सोडण्याची कारणे ही सारी तेथे नोंदली गेली. गळालेल्या मुलाचा शब्द येथे सापडतो. परंतु एवढ्या विशाल देशासाठी घेतलेल्या नमुन्यात दोन तालुक्यांच्या वाट्याला येणारी घरे नगण्यच. राज्याचे चित्र मिळते. पांढुर्ण्याचे मिळत नाही. महाविद्यालयाची पाहणी आतल्यांना विचारते, देशाची पाहणी दुरून विचारते. सीमेवरचा विद्यार्थी या दोहोंच्या मधल्या फटीत राहतो.

ही फट बुजविण्याचा मार्ग महाराष्ट्राच्या परंपरेतच आहे. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती घरोघर जाऊन. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले. मोजणारे आणि मोजले जाणारे एकाच गावचे असले की कोणता प्रश्न विचारावयाचा हे बाहेरून शिकवावे लागत नाही, हा त्या कार्याचा खरा धडा होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात प्रकल्पकार्याला व समाजसंपर्काला जागा दिली आहे. पांढुर्णा आणि सौसर येथील विद्यार्थ्यांनीच आपापल्या गावांत जाऊन महाविद्यालयात असलेल्यांना आणि ते सोडून गेलेल्यांनाही विचारले, ते मराठीत व हिंदीत दोन्हीकडे विचारले, आणि भाषा, प्रवास, हंगाम व खर्च या चार गोष्टी नोंदल्या, तर एका हिवाळ्याच्या कामातून जे हाती येईल ते कोणत्याही दूरच्या कचेरीला आजवर मिळालेले नाही.

सीमा आखणाऱ्यांनी माणसांची मातृभाषा मोजली होती. मूल्यांकन करणाऱ्यांनी त्यांचे समाधान मोजले. या दोन मोजण्यांची कधी गाठ पडली नाही. ती ज्या दिवशी पडेल त्या दिवशी कदाचित समाधानाचा आकडा थोडा खाली येईल. त्याने खचण्याचे कारण नाही. खाली आलेला खरा आकडा संस्थेला पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे ते सांगतो. न विचारलेल्या प्रश्नाच्या बळावर उंच राहिलेला आकडा मात्र विद्यार्थ्याला आहे तेथेच ठेवतो.