सूड पुरा झाल्यावर

सूडकथेचा उत्तरार्ध रचणें हें मोठें अवघड कर्म होय. वैरी मेले कीं कथेचा प्राणच जातो. जपानी दिग्दर्शक तोशिया फुजिता ह्यांच्या १९७३ च्या 'लेडी स्नोब्लड' ह्या चित्रपटांत तुरुंगांत केवळ सुडासाठीं जन्मलेली युकी मेइको काजी हिनें अविस्मरणीय केली. १९७४ सालच्या उत्तरार्धांत मात्र तिला वैरीच उरलेला नाहीं.

हा पेंच दिग्दर्शकानें इतिहासाच्या साह्यानें सोडविला आहे. पहिल्या कथेच्या मुळाशीं १८७३ चा सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा व त्यामुळें उसळलेला शेतकऱ्यांचा क्षोभ आहे. दुसरीचा काळ रशियावरील विजयानंतरचा. विजय मिळाला, पण युद्धखंडणी मिळाली नाहीं, आणि ५ सप्टेंबर १९०५ रोजीं टोकियोंत दंगल पेटली. अशा काळांत गुप्त पोलिस युकीला फांशीपासून सोडवून एका अराजकवाद्यावर हेरगिरी करण्यास धाडतात, आणि ती त्याच्याच पक्षास मिळते. १९११ सालीं कोतोकु शूसुई व इतर अकरा जण राजद्रोहाच्या आरोपावरून खरोखरच फांसावर गेले, हें आठवलें म्हणजे ही कल्पना आम्हांस पोकळ वाटत नाहीं.

दोष आहेतच. युकी येथें पुष्कळदां परक्याच्या कथेची साक्षीदार होऊन बसते. पूर्वार्धाचा आवेग ओसरतो. परंतु माणसावर सूड उगवितां येतो, राजसत्तेवर तो कसा उगवावा, हा प्रश्न पूर्वार्धानें विचारलाच नव्हता. आमच्या मतें उत्तरार्धाचें मोल ह्या प्रश्नांत आहे.