लिफ्टमधील टोपी आणि सभ्य दुर्लक्ष

लिफ्ट ही खोली की रस्ता, असा प्रश्न आज कोणी विचारणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मात्र तो गांभीर्याने विचारला जात असे, कारण पुरुषाने टोपी काढावी की नाही हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. एमिली पोस्ट यांच्या १९२२ सालच्या शिष्टाचारविषयक ग्रंथात त्याचा निवाडा सापडतो. हॉटेल, क्लब किंवा निवासी इमारत यांतील लिफ्ट खोलीसमान मानावी. स्त्री आत आली की टोपी उतरवून हातात धरावी आणि बाहेरच्या मार्गिकेत ती पुन्हा डोक्यावर चढवावी. कचेऱ्या व दुकाने यांतील लिफ्ट मात्र मार्गिकेइतकीच सार्वजनिक. पेटी तीच, पण ती कोणत्या इमारतीत आहे यावरून आतल्या अनोळखी माणसांचे नाते बदलते. (ओटीवर कोणी थांबायचे आणि माजघरात कोणी यायचे, याचे नियम ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.)

हा घोळ लिफ्टच्या जन्मापासूनचा आहे. १८५७ साली न्यूयॉर्कमधील हॉवूट यांच्या दुकानात ओटिस यांची प्रवासी लिफ्ट बसली. पुढे मोठ्या हॉटेलांतील लिफ्टमध्ये बाके आणि आरसे आले. माणूस जणू दिवाणखान्यात बसूनच वर जाऊ लागला. कचेऱ्यांच्या गर्दीत बाके गेली, खांद्याला खांदा लागू लागला, आणि टोपीची जागा नजरेने घेतली.

त्या नजरेचे शास्त्र अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली मांडले. अनोळखी माणसाकडे क्षणभर पाहावे, त्याचे अस्तित्व मान्य करावे आणि मग दृष्टी काढून घ्यावी. याला आपण 'सभ्य दुर्लक्ष' म्हणू. यातला तो पहिला क्षण फार महत्त्वाचा आहे. तो वगळला तर उरते ते निव्वळ दुर्लक्ष. ज्याच्या उपस्थितीची दखलच घेतली जात नाही अशा माणसाचे नमुनेदार उदाहरण म्हणून गॉफमन यांनी त्याआधीच नोकराकडे बोट दाखवले होते. एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली सुमारे अठरा इंचांच्या आतले अंतर हे जिवलगांचे अंतर ठरवले, तेही मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गाचे निरीक्षण करून. आपल्याकडे हा आकडा पुष्कळदा सर्व मानवजातीचा नियम म्हणून उद्धृत होतो, ते योग्य नव्हे.

कारण आपल्या समाजात अंतराला दुसराही इतिहास आहे. येथे ते आदराने सोडले जाई, तसेच विटाळाच्या भयाने लादलेही जाई. मुंबईतील अनेक निवासी इमारतींत घरकामगारांसाठी आणि सामान पोचवणाऱ्यांसाठी वेगळी लिफ्ट असते. जड सामानाचे कारण पटण्यासारखे आहे. रिकाम्या हाताने आलेल्या मोलकरणीच्या बाबतीत ते लागू पडत नाही. तिने वरच्या मजल्यावर जाऊन पोळ्या कराव्यात हे मान्य असते, परंतु मधले अर्धे मिनिट तिच्या शेजारी उभे राहणे मान्य नसते. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली. लिफ्टच्या दारावरील पाटीवर जातीचा उल्लेख नसतो, 'नोकरांसाठी' एवढेच लिहिलेले असते. पोस्टबाईंच्या वर्गीकरणात अशा लिफ्टला खोली म्हणता येत नाही आणि रस्ताही म्हणता येत नाही.