नवनिर्मिती, कारखान्यातील
कामाच्या जागी नवी कल्पना सुचण्यापेक्षा ती वापरणाऱ्याच्या मातीत टिकणे अवघड. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाड परिसरातली काळी, चिकट जमीन लाकडी नांगराला दाद देत नसे. तरीही उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. शेतकऱ्याला हट्टी न ठरवता त्यांनी नांगर सुधारत नेला. त्यांच्या कारखान्यासाठी औंध संस्थानातील माळरानावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवल्या गेल्या. टंचाईच कल्पकता घडवते, असा आक्षेप यावर येईल. पण टंचाई सर्वच कारखान्यांना होती. फरक पडला तो इथे चूक करून पुन्हा ओतकाम करण्याची मुभा असल्याने.