वेबमालिका

वेबमालिका : इंटरनेटवरून भागाभागाने सादर होणारी कथामालिका. तिचा सुरुवातीचा विकास मुख्यतः अमेरिकेत झाला. जोडणीचा वेग आणि खर्च भागवण्याची सोय यांनुसार तिचे रूप बदलत गेले.

पहिले प्रयोग : स्कॉट झकारिन यांची ‘द स्पॉट’ (१९९५) ही अगदी सुरुवातीच्या वेबमालिकांपैकी एक. कॅलिफोर्नियात एका घरात राहणाऱ्या तरुण-तरुणींच्या काल्पनिक रोजनिश्या तीत प्रसिद्ध होत. डायल-अप जोडणीवर चित्रफीत उतरवून घ्यायला फार वेळ लागे. त्यामुळे मजकूर आणि छायाचित्रे यांवरच भर होता. वाचक पात्रांना ई-मेलने सल्ले देत आणि त्यांचा कथानकावर परिणामही होई. मालिकेची मदार जाहिरातींवर होती. १९९७ मध्ये ती बंद पडली. न्यूयॉर्कच्या ‘स्यूडो’ या कंपनीने इंटरनेटवर वाहिन्या चालवून पाहिल्या. तीही २००० मध्ये बंद झाली.

ब्रॉडबँड आणि यूट्यूब : ब्रॉडबँड पसरल्यावर चित्रफीत पाहणे सुकर झाले. ‘रेड व्हर्सेस ब्लू’ (२००३) ही विनोदी मालिका ‘हेलो’ या व्हिडिओ गेममध्येच चित्रित झाली. सगळ्या सैनिकांचे चेहरे शिरस्त्राणांत झाकलेले. म्हणून बोलणाऱ्या पात्राची मान हलवून संवाद कोणाचा ते दाखवले जाई. ना नेपथ्य, ना वेशभूषा. आवाज तेवढे नटांचे.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले आणि चित्रफीत ठेवण्याचा व पोहोचवण्याचा भार निर्मात्यांवरून उतरला. पुढच्याच वर्षी ‘लोनलीगर्ल१५’ गाजली. खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारी ब्री ही खरीखुरी शाळकरी मुलगी आहे, असे प्रेक्षक धरून चालले होते. ती जेसिका रोझ ही अभिनेत्री असल्याचे सप्टेंबर २००६ मध्ये उघड झाले. तरीही मालिका पुढे चालू राहिली. फेलिशिया डे यांच्या ‘द गिल्ड’ने (२००७) पहिल्या पर्वात प्रेक्षकांच्या देणग्यांवर भाग काढले. अमेरिकेतील लेखकांच्या संपाच्या काळात जॉस व्हेडन यांनी रचलेली ‘डॉक्टर हॉरिबल्स सिंग-अलाँग ब्लॉग’ (२००८) ही तीन अंकी संगीतिका पुढे एमी पुरस्काराची मानकरी ठरली.

वर्गणीचा काळ : नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे १३ भाग एकाच दिवशी उपलब्ध करून दिले. आठवडाभर वाट पाहण्याची गरज उरली नाही. वर्गणीच्या पैशातून मोठ्या खर्चाच्या, दीर्घ भागांच्या मालिका निघू लागल्या आणि दूरचित्रवाणी व वेबमालिका यांतील अंतर कमी झाले.

भारत : ‘द व्हायरल फीव्हर’ची ‘परमनंट रूममेट्स’ (२०१४) ही भारतातील सुरुवातीच्या लोकप्रिय वेबमालिकांपैकी एक. मराठीत भारतीय डिजिटल पार्टी म्हणजे ‘भाडिपा’ने २०१६ मध्ये यूट्यूबवर अमेय वाघ व निपुण धर्माधिकारी यांची ‘कास्टिंग काऊच’ ही विनोदी मालिका आणली. त्याच वर्षी जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि प्रेक्षकवर्ग झपाट्याने वाढला. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवर आधारित ‘समांतर’ (२०२०) एमएक्स प्लेयरवर आली; तोवर मराठी वेबमालिकेने विनोदी छोट्या भागांपासून रहस्यकथेपर्यंत मजल मारली होती.