परस्थळीचा सल्ला

वतनाच्या तंट्यात आपल्याच गोताचा निवाडा पक्षपाताचा होईल अशी धास्ती वाटली, म्हणजे मराठेशाहीतला वादी सरकारात अर्ज करून ‘परस्थळ’ मागत असे. गावचे पाटील-कुळकर्णी, परगण्याचे देशमुख-देशपांडे, बलुतेदार आणि भाऊबंद ज्या गोतसभेत बसत, तीत बहुधा प्रत्येकाचे कोणाशी तरी सोयरसंबंध, देणेघेणे किंवा जुने वैर असे. म्हणून ज्यांना तंट्यातल्या घराण्याच्या बांधाशी वा मानपानाशी काही कर्तव्य नाही अशा दुसऱ्या ठिकाणच्या लोकांपुढे प्रकरण नेण्याची सोय त्या न्यायव्यवस्थेने बुद्धिपुरस्सर ठेवली होती. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रीतीचा साधार परामर्श घेतला आहे. परक्याला विचारणे ही आजकालच्या पिढीला भ्रमणध्वनीने लावलेली सवय आहे असे जे सर्रास बोलले जाते, ते जुने दप्तर चाळणाऱ्यास मान्य होण्यासारखे नाही.

मात्र परस्थळीचा तो परका मोकळा नव्हता, आणि त्याला विचारणाराही मोकळा नव्हता. उभय पक्षांनी आधी निवाडा मानू असा राजीनामा लिहून द्यावयाचा, हाजीर जामीन व वर्तणुकीचा जामीन उभा करावयाचा, आपापली तकरीर सांगावयाची; आणि शेवटी जो महजर होई, त्यावर बसलेल्या प्रत्येकाने आपले नाव घालून निशाणी करावयाची, पाटलाने नांगराची, शेट्याने तागडीची. मत देणारा कोण, कोठला, आणि उद्या शब्द फिरवला तर त्याला कोठे गाठावयाचे, हे त्या कागदावरच नमूद असे. माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवस्थेचा प्राण त्या निशाणीत होता.

पवना आणि इंद्रायणी यांच्या खोऱ्यांतला, चिंचवडपासून चाकणपर्यंतचा जो टापू आज कारखान्यांनी भरून गेला आहे, तेथील कुणब्याला रोजच्या आयुष्यात इतक्या दूर जाण्याची गरज क्वचितच पडे. पेरणीचा आणि लग्नाचा मुहूर्त ग्रामजोशी सांगे, कर्जाचे कुळकर्णी पाही, सोयरीक भावकी ठरवी, आणि माणसांच्या सल्ल्याने मनाचा निर्णय होईना तेव्हा देवाला कौल लावला जाई. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी आणि तेथल्या देव घराण्याच्या दाराशी दूरदूरचे लोक, पेशव्यांसारखे सत्ताधीशही, नवस घेऊन येत. परंतु हे सारे आपापल्या जागी ठरलेले सल्लागार होते, आणि त्यांची जागा वतनाने किंवा श्रद्धेने दिलेली होती.

ती चौकट कायद्याने मोडली आणि धुराड्यांनी विस्कटली, आणि दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. कुळकर्णी वतने १९५०च्या कायद्याने संपली. महसुली पाटलांचे पद १९६२च्या कायद्याने गेले. आणि त्याच १९६२च्या १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यापूर्वीच १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना आला होता, आणि फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांची वसाहत तेथे वसली होती. पुढे आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, तिची १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९७२च्या दुष्काळाने लातूर, उस्मानाबाद, सोलापूर या बाजूंची माणसे पोटासाठी येथे आणून सोडली. ज्या गावी जोशी, कुळकर्णी आणि भावकी कोणीच आपले नाही, अशा गावी ही माणसे उतरली. म्हणजे हे अख्खे शहर त्यांच्या लेखी परस्थळच होते.

त्यांनी विचारलेले प्रश्न कोणत्याही बखरीत नाहीत, पण ज्याने त्या वसाहतींत दिवस काढले त्याला ते तोंडपाठ आहेत. कोणता ठेकेदार पगार बुडवत नाही. खानावळीचे खाते महिनाभर उधार चालेल का. गावाकडची बायको आणावी की आणखी वर्षभर कॉट बेसिसवर काढावे, म्हणजे जिथे पहिल्या पाळीचा उठला की त्याच खाटेवर रात्रपाळीचा निजतो अशा खोलीत राहावे. आणि सर्वांत मोठा प्रश्न हा की, आपण कंपनीत परमनंट होऊ की नाही. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात दडलेले होते. वर्षात २४० दिवस काम भरले म्हणजे ती सलग वर्षाची सेवा गणली जाई आणि मग कामगारास कमी करताना नोटीस व भरपाई द्यावी लागे. म्हणून सात महिने भरत आले की टेम्पररी कामगाराला ब्रेक देण्याची वहिवाट या पट्ट्यात पडली. विहीर आणि बैल यांची ज्याला पुरी जाण आहे, अशा बापाला हे मुलास सांगता येणे शक्यच नव्हते. ते सांगे पलीकडच्या खाटेवरचा माणूस, ज्याचे गाव वेगळे, जात वेगळी, कधी भाषासुद्धा वेगळी. आणि तो सांगे ते खरे निघे, कारण तो स्वतः दोनदा ब्रेक खाऊन आलेला असे.

त्या माणसाने महजरावर निशाणी केली नव्हती हे खरे, परंतु दुसऱ्या दिवशी तो त्याच पाळीला, त्याच गेटवर, त्याच खानावळीच्या पाटावर भेटणार होता. चुकीच्या ठेकेदाराकडे धाडले तर आठवड्याच्या आत त्याला तोंड द्यावे लागे. शेजार हाच तेथे जामीन होता, आणि गावापासून तुटलेल्या लाखो माणसांचा संसार या जामिनावर उभा राहिला हे या औद्योगिक नगरीच्या इतिहासात कारखान्यांच्या सनावळीइतकेच ठळकपणे लिहिले जावे असे मला मनापासून वाटते.

काही प्रश्न मात्र असे असतात की ते शेजाऱ्यालाही विचारता येत नाहीत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, तेव्हा अनोळखी वाचक त्यांना पत्राने जे विचारू लागले ते कोणत्याही घरात मोठ्याने उच्चारता आले नसते. त्या उत्तरांपायी कर्व्यांवर खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला, तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी मासिक थांबवले नाही. विचारणारा येथे झाकलेला होता, पण उत्तर देणारा आपल्या नावानिशी उघडा उभा होता आणि त्याची किंमत मोजत होता. सल्ल्याच्या इतिहासात याहून निर्मळ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पुढे स्वेच्छानिवृत्तीचा काळ आला. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहनांचे उत्पादन २००७ मध्ये थांबले; त्याच्या आधीपासूनच या पट्ट्यात कारखान्यामागून कारखान्यात योजना जाहीर होत होत्या, आणि आयुष्यात प्रथमच लाखांची रक्कम एकदम हाती आलेल्या कामगाराला कळेना की फ्लॅट घ्यावा, रिक्षा घ्यावी, मुलीचे लग्न उरकावे की गावी जमीन घ्यावी. रक्कम आल्याची वार्ता लागताच भावकीतल्या प्रत्येकाला हातउसने हवे असे. म्हणून ज्याला त्या पैशात हिस्सा नको, अशा बँकेतल्या कारकुनाला वा आधीच निवृत्त झालेल्या दुसऱ्या कंपनीतल्या माणसाला गाठून तो विचारी. शिवकालीन वादीने परस्थळ ज्या कारणासाठी मागितले, तेच हे कारण होते.

चाकणला प्रश्न उलट बाजूने आला. तेथे परका कामगार नव्हे, परका उद्योग दारात आला. १९९९च्या सुमारास बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन, मागोमाग महिंद्र. आणि म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, वासुली, भांबोली या गावांत औद्योगिक विकास अधिनियमाच्या कलम ३२खालच्या भूसंपादनाच्या नोटिसा. ‘बत्तीस-दोन आली’ एवढे म्हटले की घरातल्या साऱ्यांचे चेहरे उतरत. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, वारसनोंद रखडलेली, बहिणींचा हक्कसोड घ्यावयाचा की त्यांना त्यांचा रास्त हिस्सा द्यावयाचा हा घर दुभंगणारा पेच, आणि ओट्यावर येऊन बसलेला गोडबोल्या एजंट. हाही परकाच, परंतु व्यवहारात आपली दलाली आहे हे न सांगणारा परका. खेड तालुक्यातल्या कित्येक घरांची वाताहत परक्याचे ऐकल्यामुळे झाली नाही, तर त्या परक्याचा हितसंबंध न विचारल्यामुळे झाली. शेजारी चिंचवडच्या नवनगर प्राधिकरणात ज्यांच्या जमिनी १९७२ नंतर गेल्या, त्यांची साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी कैक वर्षांची फरपट झाली होती. त्या शेतकऱ्यांकडे जाऊन चौकशी करणे हा चाकणकरांना उपलब्ध असलेला सर्वांत शहाणा सल्ला होता, कारण तो भोगलेल्या माणसाचा होता.

आज चाकणजवळच्या खराबवाडीच्या किंवा नाणेकरवाडीच्या खोलीत राहणारा, यवतमाळहून किंवा बिहारहून आलेला आयटीआय झालेला मुलगा हेच प्रश्न रात्री मोबाइलवर शेकडो अनोळखी माणसांपुढे मांडतो: ट्रेनी म्हणून राहू की डिप्लोमा पुरा करू, ठेकेदाराने फंड भरला नाही तर काय करू, लग्न आत्ता करू का. त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. त्याच्या खोलीतले सोबती दर सात महिन्यांनी बदलतात, आणि शेजाराचा जुना जामीन त्याच्या वाट्याला आलेला नाही. उत्तर देणाऱ्यांत मनापासून सांगणारे, स्वतःचे वर्ष आणि खाते सांगून अनुभव मांडणारे लोक आहेत, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण निशाणी कोणाचीच नसते. निशाणी करून उत्तर देण्यास जो बांधलेला आहे असा परकाही वस्तुतः त्याच खेड तालुक्यात आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्यातील बाराव्या कलमाने औद्योगिक कामगारास विनामूल्य विधी सेवेचा हक्क दिला असून त्यासाठी राजगुरुनगरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. स्त्रियांनाही तोच हक्क आहे, म्हणजे हक्कसोडावर अंगठा देण्यापूर्वी बहिणीलाही तेथे विचारता येते. ही गोष्ट कंपनीच्या गेटवरील फलकावर, प्रत्येक भाषेत, ठळक अक्षरांत लिहिलेली असावयास हवी होती.