पायथनची दोन घरं

‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? पायथन 2ला विचारलं, तर तो सांगायचा 15! कारण तो बाइट मोजायचा, आणि युटीएफ-8मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 3 डिसेंबर 2008 रोजी आलेला पायथन 3 सांगतो 5. (आपण म्हणू तीन, तो वाद वेगळा.)

हा घोळ मुळातून काढायचा, तर जुने प्रोग्राम मोडणारच होते. साधं प्रिंटसुद्धा कंसाशिवाय चालेना. लोक जुन्याच घरात राहिले. मग सांभाळणाऱ्यांना, त्यातले बहुतेक स्वयंसेवक, दोन्ही घरं झाडावी लागली.

2012 साली 3.3मध्ये त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. अवतरणचिन्हाआधी लिहायचं, काढून टाकलेलं ‘यू’ हे अक्षर पुन्हा चालू केलं. नव्या पायथनला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. पण जुना कोड नव्या घरी नेणाऱ्यांची ढीगभर खाडाखोड वाचली. मला तरी हाच निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

2014 साली पायथन 2ची मुदत 2015वरून 2020 केली. म्हणजे आणखी पाच वर्षं दुहेरी काम! 1 जानेवारी 2020ला ती संपली, एप्रिलमध्ये 2.7.18 ही शेवटची आवृत्ती निघाली.