पास्कलची परतफेरी : पी-कोडपासून जावापर्यंत

१/ निक्लाऊस विर्थ यांनी १९७० साली झुरिकमध्ये पास्कल ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. त्या काळी प्रत्येक बनावटीच्या संगणकासाठी वेगळा कंपायलर लिहावा लागे. झुरिकच्या संशोधकांनी यावर उपाय काढला. कंपायलरने एका काल्पनिक यंत्राची भाषा, म्हणजे पी-कोड, निर्माण करायची आणि प्रत्येक संगणकावर तिचा अर्थ लावणारा छोटा प्रोग्राम ठेवायचा.

२/ १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात केनेथ बोल्स यांच्या सॅन दिएगो येथील गटाने हे तत्त्व छोट्या संगणकांवर रुजवले. १९९५ साली आलेली जावाही याच तत्त्वावर उभी होती; तिच्या काल्पनिक यंत्राच्या भाषेला बाइटकोड म्हणतात.

३/ २०११ मध्ये चक्र उलटे फिरले. योनास माएबे यांनी फ्री पास्कल कंपायलरला जावाचा बाइटकोड निर्माण करायला शिकवले. पण तेवढ्याने काम भागणारे नव्हते. जावाचे खरे सामर्थ्य तिच्या हजारो क्लासेसच्या संग्रहात आहे, आणि आधी घोषित न केलेले नाव पास्कल ओळखतच नाही. एवढ्या घोषणा हाताने लिहिणे म्हणजे वर्षांचे काम आणि चुकांना आमंत्रण.

४/ येथे जावाची एक सवय उपयोगी पडली. तिच्या क्लास फाइलमध्ये मेथडची नावे आणि प्रकार जसेच्या तसे टिकून राहतात. मूळ सोर्स कोड लागत नाही. ही माहिती वाचणारे जावॅप हे साधन जावासोबतच मिळते. त्याच्याच आधारे जावॅपीपी तयार झाले. ते क्लास फाइली वाचून पास्कलच्या घोषणा लिहून देते.

५/ अडचण नावांची होती. जावात लहान आणि मोठी अक्षरे भिन्न मानली जातात, पास्कलमध्ये नाही. शिवाय ‘ऑब्जेक्ट’ हा फ्री पास्कलचा राखीव शब्द. म्हणून जावाच्या ‘जावा.लँग.ऑब्जेक्ट’चे ‘जेएलऑब्जेक्ट’ झाले आणि ‘सिस्टिम.आउट’मधल्या ‘आउट’चे ‘एफआउट’. एकमेकांचा उल्लेख करणाऱ्या क्लासेसची नावे आधीच जाहीर करून सर्व घोषणा एकाच युनिटमध्ये आणाव्या लागल्या.

६/ या साधनामुळे पास्कल जाणणाऱ्यांना अँड्रॉइडचे दार उघडले. मात्र क्लास फाइलीत टिप्पण्या नसतात आणि पॅरामीटरची नावेही सहसा नसतात. त्यामुळे त्या घोषणांत ‘पॅरा१’, ‘पॅरा२’ अशी नावे दिसतात. मूळ लेखकाने कोणते मूल्य कशासाठी मागितले होते, हे त्यांवरून कळत नाही. दफ्तरखान्यात जमाखर्चाचा कागद सापडावा आणि रक्कम कोणत्या कारणाने दिली ते मात्र त्यात नसावे, तशी ही अवस्था आहे.